घरच्या नेटवर्कचे दुखणे : तारेत आणि टोकात

व्हिडिओ कॉल मध्येच गोठतो. वरच्या खोलीतल्या संगणकाला खालचा प्रिंटर कधी दिसतो, कधी दिसत नाही. गेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्र दिवसभर स्वच्छ असते आणि रात्री, म्हणजे नेमके हवे तेव्हा, गायब होते. अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की त्याला बहुधा नवा राउटर मिळतो. आधीच्यापेक्षा महाग, दोनाऐवजी चार अँटेनांचा. महिनाभराने तक्रार जशीच्या तशी. नाडी न पाहता औषध बदलत राहावे, तसा हा प्रकार. दुखणे पुष्कळदा राउटरमध्ये नसतेच. ते भिंतीतून गेलेल्या तारेत किंवा तारेच्या टोकाला बसवलेल्या पाच-दहा रुपयांच्या कनेक्टरमध्ये असते.

तालुक्याच्या गावी नेहमी दिसणारे एक घर डोळ्यांसमोर आणू या. खाली दवाखाना, वर राहते घर. खाली नोंदणीचा संगणक, सोनोग्राफीचे यंत्र, प्रिंटर; वर मुलांचा अभ्यासाचा संगणक आणि टीव्ही; बाहेर तीन-चार कॅमेरे. वायफायने हे सगळे जोडता येईल असे वाटते, पण मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब असतो आणि तो रेडिओलहरी बऱ्याच अडवतो. म्हणून तार टाकणे आले. भिंत एकदाच फोडायची असते. राउटर चार-पाच वर्षांनी बदलतो, भिंतीतली तार मात्र वीस वर्षे तशीच राहते. तरीही अनेक घरांत सगळा विचार राउटरचा होतो आणि तार इलेक्ट्रिशियन आणेल ती.

ही तार घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो धातूचा. बाजारात लॅन केबल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त तारा तांब्याच्या नसतात. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘सीसीए’ लिहिलेले असते, काही वेळा तेही नसते. नेटवर्कच्या तारांचे मानक घन तांबे मागते. मुलाम्याची तार त्यात बसत नाही, मग खोक्यावर कोणतीही श्रेणी छापलेली असो.

मग अशा तारेवर नेटवर्क चालते कसे? चालते, आणि घोटाळा तिथेच आहे. विजेच्या लहरी जितक्या जलद बदलतात तितका प्रवाह तारेच्या गाभ्यातून न जाता कडेकडेने, पृष्ठभागावरून जातो. संगणकाच्या संदेशाच्या लहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलतात. त्यांना वरचा तांब्याचा मुलामा बऱ्याच अंशी पुरतो. त्यामुळे दुकानदाराने जोडून दाखवले की सगळे छान दिसते. पण आजकाल याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही पुरवली जाते. या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’, थोडक्यात पीओई म्हणतात. २००३ च्या पहिल्या मानकात हा पुरवठा एका तारेमागे १५.४ वॅट होता, २००९ मध्ये तो ३० वॅट झाला आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत गेला. ही वीज एकदिश असते. ती पृष्ठभागापुरती थांबत नाही, तारेचा अख्खा गाभा वापरते. गाभा ॲल्युमिनियमचा असेल तर विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट होतो. तेवढी जास्त वीज वाटेतच उष्णता होऊन जाते आणि पलीकडे पोचणारा दाब कमी होतो.

गेटवरच्या कॅमेऱ्याचे कोडे इथे सुटते. दिवसा कॅमेरा थोडीच वीज खातो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि भूक एकदम वाढते. साठ-सत्तर मीटरच्या मुलाम्याच्या तारेतून तेवढा पुरवठा होत नाही. दाब घसरतो, कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, मागणी कमी होते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे पुन्हा लागतात. रात्रभर हेच. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा कॅमेरा ठणठणीत असतो. दवाखान्यात पाऊल टाकताच दुखायचे थांबावे, तशी गत.

एक कॅमेरा बंद पडणे हा त्रास झाला. मोठ्या क्षमतेच्या पीओईच्या दहा-बारा तारा एकत्र बांधून, माळ्यावर हवा न लागणाऱ्या जागी कोंबल्या असतील तर प्रश्न उष्णतेचा होतो. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि हा थर वीज वाहू देत नाही. शिवाय हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे कनेक्टरची पकड सैल होते. सैल सांधा तापतो. घरातल्या विजेच्या जोडण्या जळतात त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

ओळखायचे कसे? ३०५ मीटरचे खोके उचलून पाहावे. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असल्यामुळे मुलाम्याच्या तारेचे खोके हाताला चटकन हलके लागते. दुसरी खूण अधिक पक्की आहे. तारेचा तुकडा घेऊन त्याच्या एका धाग्यावर ब्लेड घासावे. खाली पांढरट चमक दिसली तर तार परत करावी. तांबे आतूनही तांबडेच असते. ती बारीक तार चार-पाच वेळा वाकवली तर मुलाम्याची बऱ्याचदा मोडते, तांब्याची टिकते. दुकानदाराला यात राग येण्यासारखे काही नाही.

धातू ठरला की मग श्रेणी. ‘कॅट’ हे कॅटेगरीचे लघुरूप. कॅट ५ ई ही तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग व्यवस्थित नेते आणि ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते. कॅट ६ ची तपासणी २५० मेगाहर्ट्झपर्यंत होते आणि कमी अंतरात, साधारण ५५ मीटरपर्यंत, ती दहा गिगाबिटही पेलते. पूर्ण १०० मीटर दहा गिगाबिट हवे असेल तर कॅट ६ ए. घरातले अंतर सहसा तीस-चाळीस मीटरच्या पुढे जात नाही. नवी भिंत फोडायचीच असेल तर खऱ्या तांब्याची कॅट ६ घ्यावी. आधीच कॅट ५ ई टाकलेली असेल आणि ती नीट चालत असेल तर उकरण्याचे काही कारण नाही.

त्यापुढचे आकडे म्हणजे बहुतांशी जाहिरात. चपट्या, रिबिनीसारख्या, ‘कॅट ७’ छापलेल्या तारा ऑनलाइन दीडदोनशे रुपयांत मिळतात. खऱ्या कॅट ७ च्या मानकात प्रत्येक जोडीला वेगळे आवरण असते आणि तिचे कनेक्टरही नेहमीच्या आरजे ४५ पेक्षा वेगळे असतात. कॅट ८ तर तीस मीटरच्या आतल्या, डेटा सेंटरमधल्या कामासाठी आहे. शंभर मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीसाठी घरात कॅट ८ ओढणे म्हणजे सर्दीला सलाईन. ताकद आल्यासारखे वाटते, एवढेच.

तारेच्या आत आठ धागे असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ शोभेचा नाही. टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. शेजारून विजेची तार, पंखा, मिक्सर यांचा गोंगाट तारेत शिरतो. दोन धागे एकमेकांना पिळलेले असतील तर तो दोघांमध्ये जवळजवळ सारखाच शिरतो. पलीकडचे यंत्र दोन धाग्यांतला फरक मोजते. सारख्यातून सारखे गेले की उरतो फक्त संदेश. चारही जोड्यांचा पीळ कमी-अधिक घट्ट ठेवलेला असतो, म्हणजे त्या आपापसांतही कुजबुजत नाहीत. ईसीजीचे यंत्रही काही वेगळे करत नाही. शरीरभर पसरलेली विजेची गुणगुण दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकात बरीचशी कापली जाते आणि म्हणूनच हृदयाचा एक मिलिव्होल्टचा ठोका कागदावर उमटतो.

तार कितीही चांगली असली तरी टोक बसवताना घाई झाली की हा पीळ वाया जातो. कनेक्टरमध्ये धागे सरळ घालायला सोपे जावे म्हणून कारागीर दोन-तीन इंच पीळ उलगडतो. मानकाप्रमाणे ही मोकळीक कॅट ५ ई लाही १३ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, इतकीच आहे. बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत शिरून तिथल्या खटक्याखाली दाबले गेले पाहिजे. नाही तर तारेचा सगळा ताण त्या आठ नाजूक धाग्यांवर येतो आणि टेबल हलवले की एखादा सुटतो.

रंगांचा क्रम हा दुसरा घोळ. ‘५६८ बी’ या प्रचलित पद्धतीत डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम येतो. कनेक्टरचा खटका खाली आणि पितळी पाती आपल्याकडे धरून तो मोजायचा. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसवली, असा प्रश्न पडतो. जुन्या टेलिफोनची जोडी मधल्या दोन पिनांवर असे, तिची जागा राखायची म्हणून. हे ठाऊक नसलेला हौशी माणूस चारही जोड्या ओळीने शेजारी-शेजारी लावतो आणि दोन्ही टोकांना तेच करतो. स्वस्त टेस्टर जोडला की एक ते आठ दिवे शिस्तीत पेटतात, कारण प्रत्येक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतोच. पण तीन आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतले धागे आलेले असतात. पीळ भलत्याशीच आणि संदेश भलत्याच जोडीत. तार थोड्या अंतरावर चालते, लांबीवर अडखळते. रिपोर्ट नॉर्मल आणि रोगी मात्र झोपलेला, अशी ही अवस्था. म्हणून टेस्टरच्या हिरव्या दिव्यांवर विसंबू नये, डोळ्यांनी रंग पाहावेत. पारदर्शक कनेक्टर घेण्याचा फायदा हाच.

कनेक्टरही दोन जातींचे. भिंतीत घालायच्या तारेचा प्रत्येक धागा एकसंध असतो. संगणकापासून भिंतीपर्यंतच्या लवचिक पॅच कॉर्डमध्ये प्रत्येक धागा अनेक बारीक तारांचा असतो. बारीक तारांमध्ये कनेक्टरचे पाते घुसते, एकसंध धाग्याला मात्र ते दोन-तीन सुळ्यांनी दोन्ही बाजूंनी धरते. उलटसुलट वापर केला की आज लागते आणि सहा महिन्यांनी सुटते. दोन्हींना चालणारे कनेक्टर मिळतात, पाकिटावर पाहून घ्यावेत. कॅट ६ चा धागा थोडा जाड असल्यामुळे तो कॅट ५ ई च्या कनेक्टरमध्ये नीट शिरत नाही. तिथे जोर न लावता त्याच श्रेणीचा कनेक्टर आणावा. पात्यांवर सोन्याचा मुलामा असतो. चांगल्या कनेक्टरवर तो ५० मायक्रोइंच, म्हणजे साधारण सव्वा मायक्रॉन असतो, हलक्या मालावर नावालाच. कोकणातल्या, गोव्यातल्या, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या दमट खाऱ्या हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत कळतो.

सगळ्यात बरे म्हणजे भिंतीतल्या तारेला हाताने कनेक्टर लावूच नये. विजेच्या बटणासारखा भिंतीत सॉकेट बसवावा, तार त्याच्या मागे पंच करून कायमची स्थिर करावी आणि पुढे कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड लावावी. ओढाताण, वाकणे, मुलांचे पाय अडकणे हे सगळे त्या पॅच कॉर्डच्या वाट्याला जाते आणि ती बदलता येते.

पुढचा मुद्दा जिवाशी गाठ असलेला आहे. एखादी पिन एखाद्या भोकात बसते म्हणून ती तिथलीच असे नाही. हा धडा वैद्यकशास्त्राने फार मोठी किंमत देऊन शिकला. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात रुग्णालयात असलेल्या चार वर्षांच्या मुलीच्या छातीवरच्या ईसीजीच्या तारा मॉनिटरऐवजी विजेच्या चालू वायरीत खोचल्या गेल्या. तारांच्या टोकाला उघड्या धातूच्या पिना होत्या आणि त्या त्या वायरीच्या भोकांत सहज बसत होत्या. मुलगी दगावली. परिचारिकेला दोष देऊन विषय संपवता आला असता. पण अशीच घटना पुढे दुसरीकडेही घडली आणि अखेर १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियमच केला : रुग्णाला जोडायच्या तारेचे टोक विजेच्या वायरीत बसूच शकणार नाही, असे असले पाहिजे.

घरच्या नेटवर्कमध्ये एवढा धोका नाही, पण जात तीच. जुन्या टेलिफोनची अरुंद पिन लॅनच्या सॉकेटमध्ये बसते. त्यात कडेच्या पिना वाकतात आणि फोन वाजताना त्या तारेवर ७५ ते ९० व्होल्टचा दाब येतो. काही स्वस्त कॅमेरा-संचांसोबत असा अडॅप्टर येतो जो समोर काय जोडले आहे हे न विचारता तारेत वीज सोडतो. मानकाप्रमाणे चालणारा पीओई स्विच आधी चाचपतो, समोरच्या यंत्राला वीज चालते का ते पाहतो, मगच पुरवठा सुरू करतो. कॅमेऱ्याची तार चुकून लॅपटॉपला लागली तर दुसऱ्या प्रकारात लॅपटॉप वाचतो, पहिल्या प्रकारात वाचेलच असे नाही. स्विच घेताना मानकाचा क्रमांक पाहायचा तो यासाठी. इंटरनेट कंपनीच्या काचतंतूच्या जोडणीतही हिरवा आणि निळा असे दोन कनेक्टर असतात. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण प्रकाशाची गळती होते. आणि काचतंतूच्या उघड्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ हे कधीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. तंतू कापताना उडालेले काचेचे तुकडे बोटात किंवा डोळ्यात गेले तर शोधणे फार अवघड. ते चिकटपट्टीवर गोळा करून टाकावेत आणि त्या टेबलावर काही खाऊ नये.

तार कुठून न्यायची यातही आरोग्याचा भाग आहे. विजेच्या तारांच्या पाइपातून लॅन केबल नेणे सोयीचे वाटते, ते करू नये. एखाद्या वायरीचे आवरण उंदराने कुरतडले किंवा उन्हाने तडकले तर २३० व्होल्ट थेट संगणकाच्या धातूच्या पेटीपर्यंत पोचू शकतात. वेगळा पाइप, शक्यतो वीतभर अंतर, आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात. कॅट ६ ला एक इंचाहून घट्ट वळण देऊ नये. पाइपात अडकलेली तार दोघांनी मिळून हिसके देत ओढू नये, आतला पीळ ताणला जातो.

बाहेरचे आवरण सहसा पीव्हीसीचे असते. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याशी त्याचे आम्ल होते. घसा जळतो, श्वासनळ्या आवळतात, दम्याच्या रुग्णाची अवस्था क्षणात बिकट होते. आगीत बळी पडणारे बरेच जण ज्वाळांनी नव्हे, धुराने जातात. जिन्यातून, झोपण्याच्या खोलीतून किंवा रुग्ण बसतात त्या जागेतून तारांचा जुडगा जाणार असेल तर कमी धूर करणारे, हॅलोजन नसलेले आवरण मागावे. त्यावर ‘एलएसझेडएच’ असे छापलेले असते. थोडे महाग पडते, पण दवाखान्यात तरी ही काटकसर करू नये.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा घरातून गेटपर्यंत किंवा शेजारच्या इमारतीपर्यंत ताणलेली तांब्याची तार हा धोक्याचा रस्ता असतो. नेटवर्कच्या यंत्रांत आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते साधारण दीड हजार व्होल्टपर्यंतचा फरक अडवतात. जवळ पडलेल्या विजेपुढे ते काहीच नाही. दोन इमारतींमध्ये तांबे टाकूच नये, काचतंतू टाकावा. काच वीज वाहत नाही. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असल्यामुळे धातूच्या आवरणाच्या तारेतून नको असलेला प्रवाह फिरतो, तोही प्रश्न मिटतो. एरवीही धातूच्या आवरणाची तार घरात लागत नाही. घ्यायचीच तर ते आवरण अर्थिंगला जोडलेले हवे, अन्यथा ते कुचकामी.

दवाखाना असलेल्या घरात आणखी एक गोष्ट. रुग्णाच्या शरीराला जोडलेले यंत्र घरच्या नेटवर्कला थेट लावू नये. त्या तारेतून दुसऱ्या यंत्राचा गळतीचा प्रवाह रुग्णापर्यंत येऊ शकतो. वैद्यकीय यंत्रांसाठी वेगळे नेटवर्क आयसोलेटर मिळतात. मनगटाएवढी ती डबी तारेच्या मध्ये बसते आणि तारेतला धातूचा सलग रस्ता तोडते.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक सॉकेटला लॅपटॉप लावून नेटवर्कच्या माहितीत जोडणीचा वेग पाहावा. एक गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. यंत्रे गिगाबिटची असूनही १०० दिसले तर एखादी जोडी निकामी आहे, असे जवळजवळ खात्रीने समजावे. पाचशे मेगाबाइटचा सीटी स्कॅन एका वेगाने चार सेकंदांत उघडेल, दुसऱ्याने चाळीस. अशा वेळी टोक कापून पुन्हा बसवावे. एकदा दाबलेला कनेक्टर दुसऱ्यांदा वापरता येत नाही. म्हणून सॉकेटमागे हातभर तार गुंडाळून जास्तीची ठेवावी आणि दोन्ही टोकांना पक्क्या शाईने एकच क्रमांक लिहावा.